ही धाप वयाची नव्हे, धुराची

(शेतकरी मंडळींसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



सुगीचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात खोकल्याची माणसं वाढतात. मळणीचा भुसा उडत असतो, कुठं उसाचं पाचट पेटलेलं असतं आणि पहाटे थंडी असते. अशाच दिवसांत एक आजी आल्या. वय साठीच्या आसपास. दोन पायऱ्या चढल्या आणि उंबऱ्यावरच टेकल्या. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, वय झालं तिचं. एक सुई टोचा, म्हंजे बरं वाटंल." मी आजींना विचारलं, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "पाच-सहा वर्सं झाली. आधी हंडा आणताना दम लागायचा, आता न्हाणीपतूर गेलं तरी लागतो." आजींनी जन्मात बिडी ओढली नव्हती. पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसल्या होत्या.

मंडळी, साठीतली कितीतरी माणसं पायी वारी करतात. तेव्हा धाप ही वयाची असते, हे आधी डोक्यातून काढा. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट आजार. लोहाराचा भाता आठवा. त्याचं तोंड चोंदलं तर आतली हवा बाहेर जात नाही, आणि आधीचीच हवा भरलेली असल्यामुळे नवी आत येत नाही. छातीचं तसंच होतं. धुरानं आणि धुळीनं नळ्या सुजतात, कफ साचतो, नळ्या अरुंद होतात. २०१६ सालच्या आकडेवारीत आपल्या देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल हाच आजार होता. बिडी न ओढणाऱ्यांनाही तो होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात सविस्तर मांडलं होतं.

ओळखायचं कसं?

दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो आणि जातो. ही धाप चाळिशीनंतर हळूहळू वाढते आणि मुक्कामालाच राहते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी मोफत आहे. मग फुंकण्याच्या यंत्रावर, म्हणजे स्पायरोमीटरवर, तपासणी करा. निरोगी माणूस छातीतली बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर फुंकतो. औषध देऊनही तो भाग शंभरात सत्तरपेक्षा कमी भरला, तर नळ्या अरुंद झाल्या असं समजतात. नुसत्या एक्स-रेवरून हा आजार ठरत नाही.

उपाय कोणते?

१) धूर तोडा. १९७७ साली फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी लंडनमधल्या कामकरी पुरुषांची आठ वर्षं तपासणी करून निष्कर्ष मांडला. धूम्रपान सोडल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. म्हणून बिडी आज सोडली तर आजपासून फायदा. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि पुष्कळ घरी गॅस आला. पण सिलिंडर महाग पडतो म्हणून तो कोपऱ्यात उभा राहतो आणि चूल पेटते. चूल ठेवावीच लागली तर ती उघड्या पडवीत ठेवा, लाकूड वाळलेलं वापरा, धुराडं छपराच्या वर न्या आणि पोरांना जवळ बसवू नका. पाचट जाळू नका, सरीत कुजवा. त्यानं जमिनीलाही खत मिळतं. धाप असलेल्या माणसानं मळणी यंत्राजवळ उभं राहू नये. बुरशी आलेला कडबा बंद गोठ्यात झटकू नये.

२) औषध ओढून घ्या. "पंपाची सवय लागते" असं गावात म्हणतात. ते खरं नाही. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत ४००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं. गोळी म्हणजे सगळ्या रानाला पाट सोडणं, आणि पंप म्हणजे ठिबकनं मुळाशी पाणी देणं. काही पंप दम लागल्यावर घ्यायचे असतात, काही रोज. रोजचा पंप बरं वाटत असतानाही चुकवू नका. नाहीतर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं होतं.

पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंप ओठांत घट्ट धरा, एकदाच दाबा आणि हळूहळू आत ओढा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. पंपात स्टेरॉईड असेल तर नंतर चूळ भरून टाका. हे जमत नसेल तर स्पेसर नावाची नळी मिळते. ती नसेल तर अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता वाळवा. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवा. बाटलीचं तोंड ओठांत धरा आणि एक फवारा सोडून चार-पाच वेळा सावकाश श्वास घ्या.

३) सुईचा हट्ट धरू नका. दर वेळी स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं; पण पुन्हापुन्हा घेतल्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. आजार उसळला तर थोडे दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांनी सांगाव्यात, दुकानदारानं नव्हे.

४) बसून राहू नका. झेपेल तेवढं रोज चाला. दम लागला तर नाकानं श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा. फ्लूची लस दरवर्षी घ्या. न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

५) धोका ओळखा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर झाले, माणूस गुंगू लागला किंवा बरळू लागला, तर थांबू नका. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. घरी ऑक्सिजन असेल तर तो मनानं वाढवू नका. या आजारात जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो.

आता त्या आजींचं सांगतो. त्या पूर्ण बऱ्या झाल्या नाहीत आणि होणारही नाहीत. खोटी आशा मी देत नाही. पण रोजचा पंप चालू झाला, स्वयंपाक गॅसवर आला, आणि आता त्या वाटेत एकदा टेकून देवळापर्यंत जातात. मुलाला मी एवढंच म्हणालो, "आईची गेलेली छाती मला परत देता येत नाही. पण त्या चुलीपुढं आता तुझी बायको बसत होती. तिची छाती तुझ्या हातात आहे."

मंडळी, आज घरी गेल्यावर चुलीपुढं कोण बसलंय ते बघा, आणि "धाप लागते का गं?" असं एकदा विचारा.

रामराम.