दुभंगलेला ओठ आणि विळीवरचा आळ

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत रोजगारास आलेल्या एखाद्या कुटुंबात ओठ दुभंगलेले मूल जन्मले, की ग्रहणात विळीवर भाजी चिरल्याचा आळ आईवर येतो. वस्तुतः गर्भाच्या चौथ्या सप्ताहात, मातेस दिवस गेल्याची वार्ताही पुरती नसते तेव्हा, भावी मुखाभोवती पाच उंचवटे उद्भवतात, आणि वरच्या ओठाचे उंचवटे सातव्या सप्ताहाच्या सुमारास सांधले नाहीत, तर फट राहते. टाळूचे पडदे प्रथम जिभेच्या दोहो बाजूंस उभे लोंबतात, मग आडवे होऊन बाराव्या सप्ताहापर्यंत जुळतात. कारण कधी आनुवंशिक, कधी तंबाखूसारखे. विळी बिचारी निर्दोष! २०१३ साली पालघरला आरंभलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विनामूल्य शस्त्रक्रियेची तजवीज आहे. तोवर अंगावर ओढू न शकणाऱ्या तान्ह्यास, उभे धरून, आईचे दूध वाटी-चमच्याने पाजावे.