जुनी मोटार आणि हौशी शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली कीं लाखों रुपये किंमतीचीं यंत्रें, मोठमोठे कारखाने आणि जगभर नांव गाजलेले चालक डोळ्यांपुढें उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. शर्यतीच्या जगाला एक मागलें दारहि आहे. त्या दारानें आंत येणाऱ्या माणसापाशीं पैसा बेताचाच असतो. एक जुनी मोटार, चार हत्यारें आणि रविवारची सुटी एवढेंच त्याचें भांडवल. अशा मोटारीची दुरुस्ती करावी, तिच्यांत सुधारणा करावी आणि तिला शर्यतींत उतरवावें, हा हौशी लोकांचा उद्योग गेल्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत चांगलाच भरभराटीस आला होता. त्या उद्योगाचा मोठा भाग एका चिमुकल्या गाडीभोंवतीं फिरतो. तिचें नांव 'ऑस्टिन सेव्हन'.

या गाडीचा जन्मच अडचणींतून झाला. सर हर्बर्ट ऑस्टिन यांचा बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिज येथील कारखाना १९२१ सालीं दिवाळखोरीच्या दाराशीं येऊन ठेपला होता. मोटार-सायकलला जोडगाडी लावून बायकामुलांना फिरविणाऱ्या मध्यमवर्गीयास परवडेल अशी लहान मोटार काढावी, असें सर हर्बर्टांच्या मनांत होतें. कारखान्याच्या संचालकांना मात्र ती कल्पना पसंत नव्हती. तेव्हां सर हर्बर्टांनीं स्टॅन्ले एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकास आपल्या घरीं बोलावून घेतलें आणि तेथेंच तिचे नकाशे तयार केले. १९२२ सालीं गाडी लोकांपुढें आली. वजन सुमारें ३६० किलोग्रॅम. चार सिलिंडरांचें एंजिन, तेंहि १९२३ पासून अवघें ७४७ घन सेंटिमीटरांचें. शक्ति साडेदहा अश्वांच्या आसपास. १९३९ सालीं तिचें उत्पादन थांबलें तोंवर अशा सुमारें दोन लक्ष नव्वद हजार गाड्या बाहेर पडल्या होत्या.

कुटुंबासाठीं काढलेली ही गाडी शर्यतींतहि लवकरच दिसूं लागली. सर हर्बर्टांचे जांवई आर्थर वेट यांनीं १९२३ सालीं इटलींत मोंझा येथें लहान गाड्यांची शर्यत जिंकली, आणि १९२८ सालीं ऑस्ट्रेलियांत फिलिप बेटावरील शंभर मैलांच्या शर्यतींतहि तेच पहिले आले. १९३० सालीं ब्रुकलंड्स येथें लहान गाड्यांना सूट देणारी पांचशे मैलांची शर्यत झाली. ती ऑस्टिन सेव्हननें ताशीं सरासरी ८३ मैलांच्या वेगानें जिंकली. पण या साऱ्या कारखान्यानें खास तयार केलेल्या गाड्या होत्या. हौशी माणसाची पाळी पुढें, दुसऱ्या महायुद्धानंतर आली.

त्या काळीं इंग्लंडांत पेट्रोल मोजून मिळे आणि नव्या गाड्या बहुतांशीं परदेशीं जात. जुन्या ऑस्टिन सेव्हन मात्र गल्लोगल्लीं पडल्या होत्या व थोडक्या पौंडांत मिळत. या गाडीच्या भक्तांनीं १९३९ सालींच एक मंडळ काढलें होतें आणि एंजिनाच्या आकारावरून त्यास '७५० क्लब' असें नांव दिलें होतें. या मंडळानें १९५० च्या सुमारास शर्यतीचा एक वर्ग ठरविला. त्याचा मुख्य नियम असा कीं, गाडीची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि तिचें एंजिन हीं मुळांत ऑस्टिन सेव्हनचींच असलीं पाहिजेत. जिंकण्याचा मान लांब थैलीस मिळूं नये, तो कसबास मिळावा, हा त्यांतला हेतु. बंधन घातल्यामुळें लोकांची बुद्धि आटली नाहीं. उलट एकाच लहानशा वस्तूवर शेंकडों डोकीं चालूं लागल्यामुळें ती अधिकच तीक्ष्ण झाली.

आतां अशी गाडी शर्यतीयोग्य करावयाची म्हणजे काय करावयाचें? नवशिक्या हौशी माणसाचा हात पहिल्यानें एंजिनाकडे जातो. शक्ति वाढविली कीं वेग वाढला, इतकें त्याचें गणित सोपें असतें. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशांतला हा प्रकार. जाणत्यांचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधीं तपासणी, मग वजन, मग ब्रेक आणि सुकाणूं, आणि सर्वांत शेवटीं एंजिनाची शक्ति.

तपासणी म्हणजे गाडी पार उकलणें. ऑस्टिन सेव्हनच्या बहुतेक एंजिनांत क्रँकशाफ्ट हा मुख्य दांडा दोन टोंकांस दोनच बेअरिंगांवर टेकलेला असतो. मध्यें त्यास आधार नाहीं. एंजिन फार वेगानें फिरूं लागलें कीं मुलींच्या उडीच्या दोरीसारखा तो मध्यें लवतो, आणि वर्षानुवर्षें असें लवतां लवतां एके दिवशीं तुटतो. म्हणून तो बाहेर काढून, धुऊन, त्यावर केंसाएवढी चीर तरी नाहीं ना, हें पाहणें पहिलें. शिवाय या दांड्यास तेल मिळतें तें बारीक नळ्यांच्या तोंडांतून उडणाऱ्या धारेनें. वीस-वीस वर्षांचा गाळ त्या तोंडांशीं सांचलेला असतो. वर नवे पिस्टन घातले आणि खालीं तेलाची धार बंद राहिली, तर बेअरिंगांतला मऊ पांढरा धातु वितळून जातो, आणि साऱ्या खर्चावर पाणी पडतें.

दुसरें काम वजनाचें. जुन्या बंद गाडीचे दरवाजे, कांचा, जाड आसनें आणि छप्पर काढून तेथें ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें हलकें अंग बसवितात. शक्ति वाढविली तर गाडी लवकर वेग घेते, इतकाच लाभ. वजन कमी केलें तर ती लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर बाहेर कमी फेंकली जाते. एका श्रमांत तीन लाभ. पण येथेंहि एक मेख आहे. ऑस्टिनची चासी इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची, पन्हळीसारख्या उघड्या पट्ट्यांची असते. सांधे ढिले झालेल्या बैलगाडीचा साटा जसा खड्ड्यांत पिळवटतो, तशी ती रस्त्यावर पिळवटते. चासी पिळली कीं चाकांचे कोन बदलतात आणि चालकाचा अंदाज चुकतो. म्हणून पन्हळीच्या उघड्या बाजूस पट्टी सांधून ती पेटीसारखी बंद करतात. चार-पांच पौंड वजन वाढतें, पण तें सार्थकीं लागतें.

तिसरें काम ब्रेकांचें. ऑस्टिनला चारहि चाकांस ब्रेक होते, पण ते तारांनीं ओढले जाणारे. तारा ताणतात, सांधे झिजतात आणि चारहि चाकें सारखीं धरत नाहींत. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतीची ऊर्जा चौपट होते, हा निसर्गाचा नियम कोणत्याहि हौशीस माफी देत नाहीं. ताशीं तीस मैलांना पुरणारे ब्रेक साठ मैलांना चौपट कामास जुंपले जातात. यासाठीं अनेकांनीं पुढच्या काळांतील गाड्यांचे, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक या जुन्या गाडीस बसविले. सुकाणूंचीहि अशीच गोष्ट. मागचे पाटे या गाडींत अशा रीतीनें बसविलेले असतात कीं वळणावर गाडी कलली म्हणजे मागचा आंस आपण होऊन किंचित् वळतो. हा स्वभाव ओळखून पाटे सपाट व ताठ केले नाहींत, तर वळणावर गाडीची शेपटी पुढें येते.

हें सारें झाल्यावर एंजिन. त्याचें झांकण घांसून आंतील जागा लहान करावी, म्हणजे हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अधिक दाबलें जातें आणि भडका जोराचा होतो. व्हाल्व्ह मोठे करावे, त्यांच्या स्प्रिंगा ताठ कराव्या, कार्ब्युरेटर मोठा बसवावा. उष्णताहि त्या मानानें वाढते. या गाडींत पाणी खेळविण्यास पंप नाहीं. गरम पाणी वर आणि थंड पाणी खालीं, एवढ्याच बळावर तें फिरतें, म्हणून त्याचीहि तजवीज करावी लागते.

या एंजिनाविषयींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लंडनचा कॉलिन चॅपमन हा युनिव्हर्सिटी कॉलेजांतील स्थापत्याचा विद्यार्थी शिकतां शिकतां जुन्या गाड्यांचा व्यापार करी. १९४७ च्या अखेरीस सरकारनें खाजगी मोटारींचें साधारण पेट्रोल बंद केलें. त्यासरशीं गिऱ्हाइकें आटलीं आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन त्याच्या गळ्यांत पडली. आपल्या भावी पत्नीच्या घराशेजारील गाडीखान्यांत त्यानें तिला लाकडाचें व ॲल्युमिनियमचें नवें अंग दिलें. १९४८ सालीं तयार झालेली ती गाडी 'लोटस' या नांवाची पहिली गाडी होय. पुढें १९५१ सालीं त्यानें ७५० वर्गासाठीं नवी गाडी बांधली. ऑस्टिनच्या एंजिनांत शेजारच्या दोन दोन सिलिंडरांस मिश्रण घेण्याची वाट सामाईक असते. वाड्यांत दोन बिऱ्हाडांना एकच नळ असावा, आणि पहिल्यानें घागर भरून घेतल्यावर दुसऱ्याच्या वांट्यास बारीक धार यावी, तसा तो प्रकार. चॅपमननें त्या वाटेंत पडदा घालून रीतसर वांटणी केली. त्याची गाडी इतकी पुढें जाऊं लागली कीं मंडळास नवा नियम करून ती युक्ति बंद करावी लागली. नियमाच्या अक्षरांत राहून त्यानें मिळविलेला हा विजय होता, आणि सर्वांनाच समान संधि राहावी म्हणून केलेली बंदीहि तितकीच योग्य होती.

चॅपमनची पुढील कीर्ति हलक्या गाड्यांवरच उभी राहिली. पण हलकेपणाच्या लोभाला सीमा हवी, याचा दाखलाहि त्याच्याच इतिहासांत आहे. १९७० सालीं मोंझा येथें सरावाच्या वेळीं योखेन रिंट हा त्याचा चालक मृत्यु पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्यामुळें गाडी भरकटली, असें त्या अपघाताचें कारण मानलें गेलें. रस्त्याकडेचा कठडा नीट उभारलेला नव्हता, हाहि दोष होताच. जगांतील उत्तम कारखान्याची जर ही कथा, तर घराच्या अंगणांत गाडी उकलणाऱ्यानें किती जपावें! शर्यतींत तो एकटा नसतो. पुढें दुसरी गाडी असते, वळणावर निशाण घेऊन उभा असलेला स्वयंसेवक असतो. ब्रेकांत केलेली काटकसर त्यांच्या जिवावर बेतूं शकते. म्हणून या छंदांत कसबाच्या बरोबरीनें सचोटीची परीक्षा होते. आपला सांधा पक्का नाहीं हें ज्यास रात्रीं ठाऊक आहे, त्यानें सकाळीं शर्यतीस जाऊं नये. मग प्रवेशाचे पैसे बुडाले तरी चालतील.

या उद्योगाची दुसरी एक बाजू आहे, तीहि नजरेआड करतां येत नाहीं. शर्यतीच्या गाड्या बांधण्यासाठीं पुष्कळ चांगल्या, चालत्या ऑस्टिन सेव्हन चिरल्या गेल्या. ज्या काळीं त्यांना कोणी विचारीत नव्हतें, त्या काळीं यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. पुढें सुटे भाग दुर्मीळ झाले, ७५० वर्गासहि इतर एंजिनें घ्यावीं लागलीं, आणि मग प्रत्येक मूळ गाडीचें मोल कळलें. जुनी वस्तु सुधारणें आणि जुनी वस्तु जतन करणें या दोन प्रेमांत येथें भांडण आहे. त्यावर विवेकी माणसें एक मध्यम मार्ग काढतात. ज्या गाडीचें अंग मुळांतच गंजून गेलें आहे, तिलाच शर्यतीसाठीं घ्यावी. आणि जो भाग काढला तो फेंकून न देतां नांवनिशीवार बांधून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीस गाडी पुन्हां पूर्वरूपांत आणतां येईल.

अशा जपणुकीचें एक सुंदर उदाहरण न्यूझीलंडांतलें आहे. ऑकलंड येथें लेस मॅक्लॅरेन नांवाचे गृहस्थ मोटारींचा कारखाना चालवीत. त्यांनीं १९२९ सालची ऑस्टिन सेव्हनची 'अल्स्टर' जातीची गाडी सुट्या तुकड्यांच्या रूपांत विकत घेतली. जोडून, सुधारून ती विकून टाकावी असा त्यांचा बेत होता. मुलानें हट्ट धरला आणि ती घरींच राहिली. या मुलाचें, ब्रूसचें, बालपण कंबरेच्या सांध्याच्या दुखण्यांत अंथरुणाला खिळून गेलें होतें. वडिलांबरोबर त्यानें ती गाडी उभी केली आणि पंधराव्या वर्षीं मुरिवाई येथील टेकडीच्या चढावरील शर्यतींत ती घातली. १९६३ सालीं त्याच ब्रूस मॅक्लॅरेननें आपल्या नांवाची शर्यत-संस्था काढली. तिच्या गाड्यांनीं पुढें जगांतील मोठमोठे मान मिळविले; परंतु त्या संस्थेनें ती चिमुकली ऑस्टिनहि जतन करून ठेवली आहे.

प्रत्येक जुनी गाडी दुरुस्त करणारा मॅक्लॅरेन किंवा चॅपमन होत नाहीं, आणि व्हावयास पाहिजे असेंहि नाहीं. बहुतेकांच्या नशिबीं पहिला क्रमांक कधींच येत नाहीं. पण दुसऱ्यानें टाकून दिलेली एक वस्तु त्यांनीं नीट समजून घेतलेली असते, तिचा प्रत्येक सांधा त्यांच्या हाताखालून गेलेला असतो, आणि संध्याकाळीं ती धड अवस्थेंत आपल्या चाकांवर घरीं परत आलेली असते. हौशी माणसाची शर्यत येथेंच जिंकली जाते.