परदेशी गेलेल्या आमच्या परिचारिका



रुग्णसेवेचे शिक्षण घेऊन परदेशी जाणाऱ्या मुली द्रव्यलोभी होत, असे आम्ही याच मंदिरात एकदा प्रवचनातून म्हटले होते. ते बोलणे आज मागे घेतो. १९६० च्या दशकात केरळातील कॅथलिक तरुणी जर्मनीतील रुग्णालयांत गेल्या, तेव्हा त्यांस वाट दाखविणाऱ्यांत आमच्यासारखे धर्मगुरूही होते! घरी शिक्षणाचे कर्ज, पाठच्या भावंडांची फी. आणि खासगी रुग्णालयांतील वेतन इतके तुटपुंजे की, पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी दरमहा निदान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीस करावी लागली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. कित्येक ठिकाणी तर मुलींस करारात बांधून त्यांची मूळ प्रमाणपत्रेही अडकवून ठेवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली धनिक राष्ट्रांस आचारसंहिता घालून दिली खरी. परंतु तीही ऐच्छिकच.

असो. रुग्णालये चालविणाऱ्यांत आम्ही ख्रिस्ती लोकही आहोत. आपल्या धर्मग्रामाच्या दवाखान्यातील परिचारिकेस आपण काय देतो, ते विश्वस्तांनी वहीत पाहून येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्हांस सांगावे.