रंगाखालची अक्षरं
(पौड, ता. मुळशी येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक पास, गोदीतला कामगार. कवितेवर प्रोफेसरासारखं बोलणं आपल्याला जमणार नाही. अंगावर आलं तेवढं सांगतो.

ह्या मुळशीचं पाणी अडवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. १९२१ साली त्याविरुद्ध सत्याग्रह पेटला. सेनापती बापटांचं नाव पोराटोरांना ठाऊक आहे. पण गावं बुडाली तेव्हा गावकुसाबाहेरचं काय काय बुडालं, हे कुठल्या कवितेत वाचलंय तुम्ही? माझा पणजा इथून निघाला तो विजेच्या मागोमाग मुंबईला, गोदीत. जन्मभर ओझी वाहिली, मागं एक ओळ ठेवली नाही. अक्षर कुणी शिकवलंच नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. अमेरिकेनं १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९१० ते १९४० ह्या काळात बोटीनं आलेल्या चिन्यांना ह्या बेटावर कोंडायचे, उलटतपासण्या घ्यायचे. कुणाकुणाचे महिनेच्या महिने जायचे. त्या माणसांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. बहुतेकींखाली नाव नाही. साहेबांनी वरून रंग फासला. रंगाखाली अक्षरं जित्ती राहिली. १९७० साली इमारत पाडायच्या बेतात असताना ती पुन्हा नजरेस पडली, आणि आशियाई वंशाच्या लोकांनी झगडून त्या भिंती वाचवल्या.

कुणासाठी कोरलं होतं? साहेबासाठी नक्कीच नाही. उद्या त्याच खाटेवर येऊन पडणाऱ्या भावासाठी.

त्याच खाडीकाठी ओकलंडला १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्यावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ह्या लिहिणाऱ्या पोरांनी दलित पँथर काढली. बंड समुद्र ओलांडतं. पण जातही ओलांडते. आपल्या सवर्णांनी ती अमेरिकेत नेली, म्हणून २०२३ साली सिॲटल शहराला जातिभेदावर बंदी घालावी लागली. गोऱ्याकडून 'चालता हो' ऐकणाराच आपलं आडनाव विचारतो. ह्यावरही लिहा.

आता माझं. गेल्या पावसाळ्यात मुकादमाला माझं आडनाव कळलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नाही. म्हणाला, माणसं भरली. मी गेटपासच्या पाठीवर कविता खरडली आणि टपरीवर टोळीला वाचून दाखवली. मालेगावचा मुसलमान आणि साताऱ्याचा मराठा म्हणाले, हा नाही तर आम्ही पण बोटीवर चढत नाही. बिहारी चढला. डोक्यावर कर्ज होतं, त्याला मी शिवी देणार नाही. तिसऱ्या दिवशी तोही येऊन बसला. चौथ्या दिवशी मला घेतलं. चौघांचेही रोज बुडाले ते बुडालेच.

कवितेनं काम मिळवून दिलं अशी थाप मी मारणार नाही. माणसं अडून बसली म्हणून मिळालं. पण गप्प राहिलो असतो तर त्यांना कळलं असतं का?

म्हणून दोस्तांनो, लिहा. आणि वहीत पुरून ठेवू नका. शेजारच्या खाटेवरच्याला वाचून दाखवा, तो आपल्या जातीचा नसला तर आधी त्याला.

जयभीम!