दोन संगणक-प्रणालींमधील दुभाषी



एखादा कुशल कारागीर परप्रांतात गेला म्हणून त्याचे कौशल्य नाहीसे होत नाही. अडते ते भाषेपाशी. दुभाषी मिळाला की त्याचे काम सुरू होते. संगणकाच्या जगातही हीच अडचण आहे. संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. प्रत्येक प्रणालीची भाषा वेगळी असल्याने एकीसाठी रचलेले साधन दुसरीवर चालत नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली आकारास आली. हजारो ओळींतून हवा तो शब्द शोधणे, याद्या क्रमवार लावणे अशी कामे करणारी छोटी, परंतु कार्यक्षम साधने तिच्याभोवती निर्माण झाली. पुढे घरोघरी आणि कचेऱ्यांत विंडोज ही प्रणाली पोहोचली. मग युनिक्सवरील साधनांवर खर्ची पडलेले श्रम वाया जाऊ द्यायचे काय, असा प्रश्न उभा राहिला.

सिग्विनचा मार्ग

कॅलिफोर्नियातील सिग्नस सोल्यूशन्स या संस्थेत १९९५ साली स्टीव्ह चेंबरलेन यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यातून सिग्विन जन्मास आले. साधनाने युनिक्सच्या भाषेत केलेली मागणी सिग्विनचा सामायिक आज्ञासंच ऐकतो आणि ती विंडोजला समजेल अशा रीतीने पुरी करून घेतो. त्यासाठी साधनाची मूळ संहिता मात्र सिग्विनकरिता नव्याने संकलित करावी लागते.

हे भाषांतर नेहमीच सुलभ नसते. युनिक्समध्ये चालू आज्ञावली स्वतःची हुबेहूब प्रत क्षणात निर्माण करू शकते. विंडोजमध्ये तशी थेट सोय नसल्याने सिग्विनला नवी प्रक्रिया उभारून जुनीची स्मृती तिच्यात उतरवावी लागते आणि काम मंदावते. ओळ कोठे संपली हे दर्शविण्याची खूणही दोन्हीकडे निराळी आहे. तेवढ्या फरकानेदेखील एखादी यादी बिघडू शकते.

उलट दिशेचा प्रयत्न

विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्यासाठी १९९३ साली वाइन हा प्रकल्प सुरू झाला. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी निघाली. यावरून या कामाची बिकटता ध्यानी यावी. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजमध्येच लिनक्सची साधने चालविण्याची सोय आणली. आरंभी तीही भाषांतरावरच आधारलेली होती. दुसऱ्या आवृत्तीत मात्र प्रत्यक्ष लिनक्सचा गाभाच अंतर्भूत करण्यात आला. दुभाषाच्या मर्यादांची ती एक प्रकारे कबुलीच होय.

बोध

कचेरी, शाळा वा पंचायत यांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्रे आणि प्रणाली बदलत राहणार. गावाची नोंद मात्र टिकली पाहिजे. विशिष्ट टंकातच वाचता येणारे मराठी दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. दुभाषी उपयुक्त खराच. पण नोंदी आरंभापासूनच युनिकोडसारख्या सर्वमान्य पद्धतीत ठेवल्या, तर त्याची गरज क्वचितच पडेल. नवे साधन स्वीकारताना ते काय काय करते एवढेच न पाहता, उद्या ते सोडावे लागल्यास आपली माहिती आपल्या हाती राहील काय, हेही विचारले पाहिजे.