विझणाऱ्या ताऱ्याचा वारसा



पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी नागपूरच्या आकाशात वायव्येला उंच एक शुभ्र, तेजस्वी तारा दिसतो. मराठीत तो अभिजित. त्याचे 'व्हेगा' हे जगभर रूढ असलेले नाव 'अन्-नस्र अल्-वाकी' या अरबी नावावरून आले. त्याच्याजवळच शेलियाक आणि सुलाफत हे दोन मंद तारे आहेत. त्यांची नावेही अरबीतून आलेली; सुलाफत म्हणजे कासव.

या दोघांच्या मध्ये धुराच्या कड्यासारखा एक तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. १७७९ साली तो दुर्बिणीतून सापडला. असे मेघ दुर्बिणीत ग्रहाच्या बिंबासारखे वाटोळे दिसतात, म्हणून विल्यम हर्शेल यांनी त्यांना 'ग्रहीय तेजोमेघ' म्हटले. ग्रहांशी त्यांचा संबंध नाही. नाव मात्र टिकले.

मग हे आहे तरी काय? सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला की गाभा आकसतो आणि बाहेरचे थर फुगून तारा तांबडा व प्रचंड होतो. अखेरीस हे थर संथपणे अवकाशात वाहून जातात. उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून निघणारा वेगवान वारा त्या वायूला मागून रेटतो व त्याचे कवच बनवितो. गाभ्याचे अतिनील किरण त्या कवचास उजळतात. सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगाने पसरत हा मेघ काही हजार वर्षांत विरून जातो. मागे पृथ्वीएवढा श्वेतबटू उरतो. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला सूर्यही असाच विझेल.

विझताना तारा आपल्या पोटात घडलेला कार्बन आणि नायट्रोजन अवकाशाला देऊन जातो. त्यातून पुढचे तारे व ग्रह घडतात.

अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास देवयानीतील धूसर ठिपका 'लहानसा ढग' म्हणून नोंदविला. अशा पूर्वजांची नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु दोन अरबी नावांच्या मधले हे कडे दुर्बीण हाती घेणाऱ्यांनाच सापडले. वारसा नुसता सांगून टिकत नाही. तो पुढे चालवावा लागतो.

पालकहो, दहावीनंतर मुलगी विज्ञान शाखा मागत असेल तर तिला अडवू नका. विद्यार्थ्यांनो, गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण एकदा पाहून या, आणि घरी परतल्यावर गच्चीवर जाऊन अभिजित शोधा.