घटकाभराचे पाहुणे

उज्जैन हे काळाचे नगर. येथे महाकालेश्वराचे वास्तव्य. प्राचीन ज्योतिर्विदांनी शून्य रेखांश मानला तो याच नगरीवरून. आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने वेधशाळा उभारली तीही येथे, क्षिप्रेच्या सान्निध्यात.

१९५७ साली या नगरीत विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. अशा दूरच्या विद्यापीठात अणुविज्ञान शिकू पाहणाऱ्यांपुढे काळाचा एक निराळाच प्रश्न उभा राहतो. तुर्भ्याच्या अणुभट्टीत सोडियम-२४ हे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार करता येते. पण त्याचे अर्धायुष्य अवघे १५ तासांचे. प्रवासात व तपासणीत तेवढा वेळ गेला की निम्मे उरते. ३० तासांनी चौथाई. चांदी-१०८ चे अर्धायुष्य तर सुमारे २.४ मिनिटांचे. ते मुंबईची वेसही ओलांडणार नाही. असले समस्थानिक जेथे वापरावयाचे तेथेच निर्माण केले पाहिजे.

सुदैवाने त्यासाठी अणुभट्टीच हवी असे नाही. अमेरिशियम व बेरिलियम यांचे मिश्रण पोलादी नळीत घट्ट बंद केलेले असते. अमेरिशियममधून निघालेले आल्फा कण बेरिलियमवर आदळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. मेणातून जाताना त्यांचा वेग मंदावतो. मग तेथे ठेवलेला चांदीचा पत्रा ते शोषून घेतो व किरणोत्सर्गी बनतो.

मंद न्यूट्रॉनांचे हे सामर्थ्य १९३४ साली रोममध्ये एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. मोजणीचे यंत्र लांब ओवरीच्या दुसऱ्या टोकास असे. नमुना विझण्यापूर्वी तेथे पोहोचावे म्हणून फर्मी आणि आमाल्दी तो घेऊन चक्क धावत सुटत!

पत्रा गायगर गणकाखाली ठेवला की टिकटिक प्रथम झपाट्याने ओसरते. कारण त्यातील चांदी-११० चे अर्धायुष्य २५ सेकंदांहूनही कमी. त्यानंतर चांदी-१०८ दर २.४ मिनिटांनी निम्मी होत जाते. अशी दहा अर्धायुष्ये म्हणजे २४ मिनिटे, अर्थात आपल्या पूर्वजांची एक घटका. घटका भरली की हजारांत जेमतेम एक भाग उरतो.

पाहुणा निघून जातो; यजमान मात्र राहतो. नळीतील अमेरिशियमचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षांचे आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठातील, वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते फोडले गेले, आणि एका कामगाराने प्राण गमावले. आत काय आहे, हे तेथील कामगारांना ठाऊक नव्हते.

म्हणून प्रयोगशाळेची नोंदवही ही नुसती औपचारिकता नव्हे. प्राध्यापक निवृत्त होतात, कपाटांच्या किल्ल्या हातोहात फिरतात. परंतु आत काय ठेवले आहे, हे पुढच्या माणसास ठाऊक असलेच पाहिजे. घटकाभराचा प्रयोग शिकवणाऱ्याने शतकांची ही जबाबदारीही विद्यार्थ्यांस त्याच तासाला शिकवावी.